मीडिया सेंटरला म्हणे आय-सेव्हन लागतो!

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘घरच्या मीडिया सेंटरला किमान आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि सगळा साठा एसएसडीवर हवा, नाहीतर फोर-के अडकणारच.’ मीडिया सेंटर म्हणजे आपले पिक्चर साठवून टीव्हीवर दाखवणारा घरचा कॉम्प्युटर; आय-सेव्हन हा इंटेलचा दमदार प्रोसेसर, एसएसडी म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क आणि फोर-के म्हणजे फुल एचडीहून बारीक चित्र. वरच्या मजल्यावरचे काका तर एमजी रोडला जाऊन कोटेशनच घेऊन आले. त्यांना जिन्यात उभ्या उभ्या जे सांगितलं, तेच इथे सावकाश लिहितो.

आधी प्रोसेसर. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालत असेल, तर जेलीफिन किंवा प्लेक्स (पिक्चर टीव्हीपर्यंत पोचवणारी सॉफ्टवेअर) यांचा सर्व्हर ती डिस्कवरून उचलतो आणि नेटवर्कवर सोडतो, बस. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि एवढ्या हमालीला रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटरसुद्धा पुरतो. टीव्हीला फाइल झेपत नसेल तरच सर्व्हरला पिक्चर चालू असताना व्हिडिओ उलगडून नव्याने बांधावा लागतो. हे ट्रान्सकोडिंग, आणि मशीनला घाम फुटतो तो इथे.

पंचवटीतल्या मावशीकडे पिक्चर दर मिनिटाला गचके खायचा. जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडला तर ट्रान्सकोडिंग चालू आणि कारण म्हणून सबटायटल! ब्लू-रेवरून आलेली सबटायटल म्हणजे मजकूर नसतो, चित्रं असतात. तिच्या टीव्हीला ती दाखवता येईनात, म्हणून सर्व्हर बिचारा ती एकेका फ्रेमवर चिकटवून अख्खा व्हिडिओ नव्याने बनवत बसला होता. साध्या मजकुराची एसआरटी फाइल टाकली आणि प्रोसेसर लगेच थंड पडला. “एवढंच होतं तर दिवाळीपासून काय करत होतास?” असं वर ऐकूनही घेतलं.

ग्राफिक्स कार्डाचं म्हणाल तर २०११ पासून इंटेलच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांत क्विक सिंक नावाची व्हिडिओ उलगडण्या-बांधण्यासाठीची वेगळी सोय आतच असते. सातव्या पिढीपासून ती दहा-बिट एचईव्हीसी ही व्हिडिओ दाबून साठवायची पद्धतही हाताळते, म्हणजे हल्लीच्या बहुतेक फोर-के फायली. माझा सर्व्हर म्हणजे एका ऑफिसातून निघालेला त्याच पिढीचा आय-थ्री डेस्कटॉप. सेकंडहँड घेताना एक बघा: नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरात ही सोय नसते. आणि ती वापरायला प्लेक्स पैसे मागतं, जेलीफिन मागत नाही.

रॅम? माझ्याकडे आठ जीबी आहे, निम्मी रिकामी असते. पुढे.

एसएसडीचा मुद्दा गणितातच गळतो. फोर-के ब्लू-रे डिस्कचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट. साधी फिरणारी हार्ड डिस्क १०० मेगाबाइट सहज देते. सिस्टिम आणि पोस्टरांचा डेटाबेस एका छोट्या एसएसडीवर ठेवा, मेनू चटकन उघडतो. पिक्चर मात्र खुशाल हार्ड डिस्कवर राहू द्यात.

मेसेजमध्ये जिचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे नेटवर्क. काकांचा टीव्ही वायरने जोडलेला, तरी जड फायली अडखळायच्या. कारण असं, की कित्येक फोर-के टीव्हींचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचाच असतो. धावपळीच्या प्रसंगात फाइलचा वेग त्यावर गेला की चित्र थांबणारच. सर्व्हरला सोन्याचा प्रोसेसर बसवला तरी. वायर काढून त्याच खोलीतल्या राउटरच्या पाच गिगाहर्ट्झ वायफायवर टीव्ही टाकला आणि तोच प्रसंग सरळ चालला. वायर म्हणजे वायफायपेक्षा चांगली, हे मीही वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलोय.

मेसेज पूर्ण खोटा आहे असं नाही. घराबाहेर तिघे-चौघे एकाच वेळी फोर-के एचडीआर (जास्त उजेड-रंगांचं चित्र) बघणार आणि प्रत्येकासाठी ते उतरवून साधं करायचं, तर दमदार मशीन लागतं. इंटेलचा अगदी जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसरही या कामाचा नाही, त्याला एचईव्हीसी पेलत नाही. पण आपल्यातल्या कितीजणांकडे असा गोतावळा आहे?

शिवाय वीजबिल. मोठा डबा रिकामा बसूनही ६० वॉट खातो असं धरा, चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला ४३ युनिट. दहा वॉटचा मिनी पीसी सातात भागवतो. हे ऐकल्यावर मात्र काका खाली बसले.

कोटेशनच्या पाठीमागे आता त्यांनी वायफायचा पासवर्ड लिहून ठेवलाय.