नुसत्या फोटोवर नवी प्रजाती ठरत नाही
नव्या प्रजाती ओळखण्यावरचा एक लेख वाचला. समुद्री गाळातला कशाभिकाधारी (चाबकासारखे बारीक धागे हलवत फिरणारा) एकपेशीय जीव वेगळा दिसला, फोटो काढला, की झाली नवी प्रजाती, असा त्या लेखाचा सूर आहे. पण तेवढं पुरत नाही. आधी एकाच पेशीपासून वाढवलेलं कल्चर हवं. नाहीतर १८एस जनुकाचा (प्रजाती ओळखायला वापरतात त्या जनुकाचा) डीएनए क्रम एका जीवाचा आणि चित्र दुसऱ्याचं, असा घोळ होतो. पेशी मिळवायला वरच्या सेंटिमीटरभर गाळावर लेन्स पेपर (भिंगं पुसायचा पातळ कागद), त्यावर कव्हरस्लिप (सूक्ष्मदर्शकाची पातळ काच) ठेवा. गाळात सरपटणारे हे जीव कागदातून वर काचेवर येतात. लुगॉलने (नमुने टिकवायच्या आयोडीनच्या द्रावणाने) कशाभिका गळू शकतात, म्हणून मोजमापं जिवंत पेशींवरच घ्या. आणि नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात डिशमधलं पाणी उडून क्षारता समुद्राच्या नेहमीच्या हजारी ३५च्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) वर सरकते, कारण क्षार मागेच राहतात. ती तूट डिस्टिल्ड वॉटरने भरा, समुद्राच्या पाण्याने नाही. नळाचं तर नकोच, त्यात क्लोरीन!