‘ओटीपी दिला नाही, म्हणजे पैसे सुरक्षित’ हे आत्याला कोणी सांगितले?

नेरुळला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘सायबर तज्ज्ञांचा सल्ला’ अशा मथळ्याचा एक संदेश पंधरा दिवस फिरतो आहे. ओटीपी सांगितला नाही तर खात्यातून पैसे जाऊच शकत नाहीत, लिंकला कुलपाचे चिन्ह असेल तर ती खुशाल उघडावी, फसवणूक झाल्यास तीन दिवसांत बँकेला कळवले की सगळी रक्कम परत मिळते आणि एटीएममध्ये पिन उलटा टाकला की पोलीस येतात, असे चार दावे त्यात आहेत.

पहिल्या दाव्याने आत्याला बुडवलेच होते. गेल्या रविवारी तिला अनोळखी क्रमांकावरून ‘आरटीओ ई-चलान’ नावाची एपीके, म्हणजे फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी, फाईल आली. काकांची स्कूटर विकून आठ वर्षे झाली, घरात दुसरे वाहन नाही. तरीही तिने ती डाउनलोड केली, कारण काय, तर ‘अरे, मी ओटीपी कुठे कोणाला सांगणार आहे?’ मी फोन हातात घेतला तेव्हा अ‍ॅप इन्स्टॉल करण्याची परवानगी मागणारी चौकट समोर होती. असे अ‍ॅप आधी एसएमएस वाचण्याची मुभा मागते. ती मिळाली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो, आणि दंडाचा एखादा रुपया भरण्याच्या निमित्ताने कार्डाचा तपशील आपल्याच हाताने भरून घेतला जातो. खरे चलान परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून पाहता येते.

कुलपाचा अर्थ एवढाच की मधल्या वाटेवर तिसऱ्याला काही वाचता येत नाही. पलीकडे चोरच बसला असेल तर त्याच्याही दाराला तेच कुलूप असते, आणि ते फुकट मिळते. पाहायचाच तर पत्ता पाहावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’वर नेण्यास सांगितले होते. उलट्या पिनची भाकडकथा जुनीच आहे. ज्याचा पिन 2772 आहे, त्याच्यामागे पोलीस रोज धावतात काय?

तीन दिवसांच्या दाव्यात मात्र अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, आणि व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवले असेल, तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडत नाही. संदेश लिहिणाऱ्याने पुढचे कलम सोयीस्करपणे गाळले आहे: ग्राहकानेच निष्काळजीपणे तपशील दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा, आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे तीन दिवस थांबणे कोणाच्याच हिताचे नाही. बँकेला आणि 1930 या मदत क्रमांकावर त्याच घटकेला फोन करायचा असतो.

आत्याने 1930 हा आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवला आहे. तो संदेश ग्रुपवर अजून तसाच आहे, आणि त्याखाली अकरा जणांनी हात जोडले आहेत.