नंबर परत येऊ शकतो
‘एकदा लेसर केलं की चष्मा कायमचा सुटला’ हे डोळ्यांच्या लेसर ऑपरेशनवरच्या लेखातलं वाक्य जरा अतीच झालं. माझा नंबर काही वर्षांनी परत आला. रात्री कर्वे रोडवर समोरच्या गाड्यांचे दिवे असे फिसकटायचे की स्कूटर काढायलाच नको वाटायचं. दुसऱ्यांदा लेसर करण्याआधी डॉक्टरांनी कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडी मोजली. ती साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त, असते. लेसरसाठी कापून उचलतात तो वरचा पातळ थर, म्हणजे फ्लॅप, सोडून खाली निदान २५० मायक्रॉन तरी उरायला हवी, नाहीतर कॉर्निया कमजोर होऊन पुढे फुगण्याची भीती. माझी जाडी या हिशोबात बसली, सगळ्यांची बसत नाही. चाळिशीचा चष्मा तर वेगळंच प्रकरण, दूरचा नंबर घालवून तो टळत नाही. आणि पहिल्या ऑपरेशनची फाइल जपून ठेवा, तपासणीच्या वेळी पहिल्यांदा तीच मागतात.