‘चार महिने नुसते गोळे’ या अभिप्रायाला आमच्या कार्टून-चित्रकला वर्गाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय की चार महिने फी भरूनही मुलगा घरी आणतो ती गोळ्यांची आणि पिठाच्या पिशव्यांची चित्रं, धड एक कार्टून नाही. शिवाय सरांनी सगळ्यांसमोर त्याच्या चित्रावर लाल पेन्सिल चालवली, तेव्हापासून तो घरी वहीच उघडत नाही.

आधी लाल पेन्सिलीबद्दल, कारण ती आमची चूक आहे. मुलाच्या चित्रावर थेट काही काढायचं नाही, वर ट्रेसिंग पेपर ठेवून दाखवायचं, असा आमचा नियम आहे. त्या शनिवारी ट्रेसिंग पेपर संपला होता आणि सरांनी मूळ चित्रावरच दुरुस्ती केली. घरून मन लावून काढून आणलेल्या चित्रावर दुसऱ्याची रेघ उमटली की मुलाला ते आपलं वाटत नाही. सरांना त्याची माफी मागायची आहे, मीही मागते. नव्या मुलाचं चित्र सगळ्यांसमोर फळ्याला लावायचं नाही, शेजारी बसून बोलायचं, हेही आता ठरवलंय.

गोळ्यांबद्दल मात्र मी ठाम आहे. ते का, हे प्रवेशाच्या वेळीच तुम्हाला सांगायला हवं होतं.

तुमचा मुलगा आला तेव्हा मिकी माऊस हुबेहूब काढायचा, पण एकाच बाजूने. मी म्हटलं, हाच मिकी आता झाडावरच्या कैरीकडे बघतोय असा काढ. त्याने तेच तोंड कागदावर तिरकं करून काढलं. बहुतेक मुलांचं असंच होतं. मिकीचे कान फसवे आहेत, तोंड कुठेही वळलं तरी ते गोलच काढतात. बाकी चेहरा तसा नसतो, तो गोळ्यावर बसलेला असतो. मान वर केली की डोळ्यांची रेषा कमानीसारखी वर चढते, कपाळ आखूड होतं, हनुवटीची खालची बाजू दिसायला लागते. हे पाठ करून येत नाही. म्हणून आम्ही शाडूचा गोळा करून त्यावर काडीने दोन रेषा ओढायला लावतो, एक मधोमध उभी आणि एक डोळ्यांची आडवी. मग तो हातात फिरवत, दर वेळी नव्या बाजूने काढायचा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण त्यानंतर मुलाला नकलेसाठी दुसरं चित्र समोर लागत नाही.

पिठाची अर्धवट भरलेली पिशवी हा डिस्ने स्टुडिओतल्या नवशिक्यांना दिला जाणारा जुना धडा. तिला तोंड नाही, हातपाय नाहीत, तरी ती दमलीय की आनंदात आहे हे कळलं पाहिजे. एका बाजूने दाबली तर दुसरीकडे फुगली पाहिजे, कारण आतलं पीठ कुठे जात नाही. त्याच स्टुडिओत १९३२ पासून डॉन ग्रॅहम यांच्या हाताखाली चित्रकला शिकायला बसत ते पगारी चित्रकार होते. त्यांनाही रेखाटनाचा सराव चुकला नव्हता.

आता तुमच्या मुलाचं. त्याची जूनमधली पिशवी कागदातून कापून चिकटवल्यासारखी चपटी आहे. ऑक्टोबरमधली जमिनीवर बसलीय, खालचे कोपरे वजनाने पसरलेत. हे त्याला कोणी दाखवून दिलेलं नाही, त्याने स्वतः पाहिलं. चेहरा काढताना गालांच्या जागा अजून चुकतात, तेही खरं.

उरलेल्या दोन महिन्यांची फी हवी असेल तर याच आठवड्यात परत करते, कारण विचारणार नाही. पण त्याआधी एकदा त्याच्यासोबत या. त्याच्या दोन्ही वह्या इथे कपाटात आहेत, तुमच्यासमोर उघडते. आणि वर बघणारा मिकी त्याला पुन्हा काढायला सांगू, या वेळी त्याच्या चित्राला कोणी हात लावणार नाही.