वेबसाइटला शिक्षा करायची, तर आधी कळवा

सर्च इंजिनने एखाद्या साइटला खाली ढकललं, की मालकाला ते बहुतेक वेळा आकड्यांवरूनच कळतं. साइट सुरू असते, सर्व्हर व्यवस्थित असतो, मजकूरही तोच असतो. फक्त शोधणाऱ्यांना ती दिसेनाशी होते आणि वाचक यायचे थांबतात. मग अंदाज सुरू होतात. लिंकमध्ये काही गडबड झाली का? कुणी साइट हॅक केली का? की दुसऱ्या कुणी आपल्यापेक्षा चांगलं लिहिलं? उत्तर कुणीच देत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आधी कळवल्याशिवाय आणि दुरुस्तीला मुदत दिल्याशिवाय अशी शिक्षा होता कामा नये.

याला अपवाद एकच. साइटवरून व्हायरस पसरत असेल किंवा लोकांचे पासवर्ड चोरले जात असतील, तर ती त्या क्षणी लपवलीच पाहिजे. तिथे शोधणाऱ्याची सुरक्षितता आधी. पण त्याच क्षणी मालकालाही कळवा, कारण बरेचदा तोच पहिला बळी असतो.

गूगलकडे शिक्षेचे दोन मार्ग आहेत. एकात माणूस साइट तपासतो आणि कारवाई करतो. याला मॅन्युअल अ‍ॅक्शन म्हणतात. साइटमालकांसाठी गूगलची सर्च कन्सोल ही मोफत सेवा आहे, तिच्यात तसा संदेश येतो, दुरुस्ती करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. ही सोय चांगली आहे, ते श्रेय दिलंच पाहिजे. पण तो संदेश कारवाईची खबर देतो, कारवाईआधीची संधी नाही. आणि तो मिळतो सर्च कन्सोलमध्ये साइट नोंदवलेल्यांनाच. छोट्या साइट चालवणाऱ्या कितीतरी लोकांना असं काही असतं हेच माहीत नसतं. दुसरा मार्ग अल्गोरिदमचा, म्हणजे यंत्राने आपोआप क्रम ठरवण्याचा. तिथे संदेशही नाही आणि अर्जही नाही.

या दुसऱ्या मार्गाने काय होतं, हे गूगलच्या पेंग्विन नावाच्या अल्गोरिदमच्या वेळी दिसलं. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने हा बदल आणला. दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या लिंक गूगल शिफारशीसारख्या धरतं; अशा विकत घेतलेल्या, कृत्रिमरीत्या जमवलेल्या लिंकच्या जोरावर वर चढलेल्या साइट खाली आणायच्या, हा हेतू होता. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. लिंक विकण्याचा धंदा तेव्हा जोरात होता आणि त्याने निकाल खराब होत होते. पण त्यात सापडलेल्यांमध्ये असेही मालक होते, ज्यांनी एखाद्या एजन्सीला काम दिलं होतं आणि ती नेमकं काय करते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शिवाय दुसऱ्याच्या साइटवरची लिंक तुम्ही काढणार कशी? ‘या लिंक माझ्या खात्यात धरू नका’ असं गूगलला सांगायची सोय, म्हणजे डिसअव्हाउ टूल, आली ऑक्टोबर २०१२ मध्ये. शिक्षा एप्रिलमध्ये लागू झाली आणि दुरुस्तीचं साधन मिळालं सहा महिन्यांनी.

पुढचा भाग तर जास्त अन्यायाचा होता. पेंग्विन तेव्हा सतत चालत नसे, अधूनमधून चालवलं जाई. म्हणजे सगळ्या लिंक साफ केल्या तरी पुढची फेरी येईपर्यंत साइट खालीच. ऑक्टोबर २०१४ नंतरची फेरी आली सप्टेंबर २०१६ मध्ये. जवळजवळ दोन वर्षं! जाहिरातींवर किंवा छोट्या विक्रीवर चालणाऱ्या साइटने दोन वर्षं तग कसा धरायचा? आणि २०१६ मध्ये पेंग्विन मुख्य अल्गोरिदममध्ये सामील झालं तेव्हा धोरणही बदललं: वाईट लिंकसाठी साइटला खाली ओढण्याऐवजी त्या लिंक मोजायच्याच नाहीत. शिक्षा न करताही काम भागत होतं, तर मधली चार वर्षं लोकांनी कशासाठी सोसली, हे मला आजही पटत नाही.

वाचकाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर खाली आणण्यासाठीच्या सप्टेंबर २०२३ च्या हेल्पफुल कंटेंट अपडेटमध्येही हाच दोष होता. त्याचा शिक्का पूर्ण साइटवर बसत असे, म्हणजे निरुपयोगी ठरलेल्या पानांबरोबर चांगली पानंही घसरायची. सुधारणा केल्यावरही तो उतरायला महिने लागू शकतात, असं गूगलनेच लिहून ठेवलं होतं. कोणती पानं वाईट ठरली, हे मात्र मालकाला कोणी सांगत नव्हतं.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं: आधी कळवलं तर स्पॅमर, म्हणजे फसव्या युक्त्यांनी साइट वर आणणारे, सावध होतील, नियमाची रेघ नेमकी कुठे आहे ते त्यांना कळेल. मी हा मुद्दा गंभीरपणे घेतो. पण स्पॅमर एका डोमेनवर, म्हणजे साइटच्या एका पत्त्यावर, जीव लावत नाही. एक बाद झालं की दुसरं घेतो, अशी शेकडो एकाच वेळी चालवतो. त्याला नोटीस आली काय नि न आली काय. नोटिशीची गरज असते ती दहा वर्षं एकाच नावाने लिहिणाऱ्याला. आणि नेमका तोच नोटीस मिळताच चूक दुरुस्त करतो.

मुदत देता येतच नाही, असंही नाही. मोबाइलवर नीट न दिसणाऱ्या साइटबद्दलचा बदल फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला आणि २१ एप्रिलला लागू झाला. पान झाकणाऱ्या पॉप-अपबद्दल ऑगस्ट २०१६ मध्ये सांगितलं, अंमल १० जानेवारी २०१७ पासून. मार्च २०२४ मध्ये मोठ्या साइटच्या नावाचा आडोसा घेऊन तिसऱ्याचाच मजकूर छापण्याविरुद्ध नियम आला, त्याला दोन महिन्यांची मुदत मिळाली. त्याच दिवशी जाहीर झालेल्या दुसऱ्या स्पॅम नियमांना मात्र एका दिवसाचीही नाही.

मोठ्यांना तशीही झळ कमी बसते. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट नियम मोडल्याबद्दल गूगलच्या निकालांतून काढून टाकली गेली आणि काही दिवसांत परत आली. २०१३ मध्ये अशीच शिक्षा झालेली ब्रिटनमधली फुलं विकणारी इंटरफ्लोरा दोन आठवड्यांच्या आत परतली. छोट्या माणसाला त्याचं नक्की काय चुकलं हे शोधण्यातच याहून जास्त काळ जातो.

कायद्याची मदत फारशी नाही. २००३ मध्ये सर्च किंग या कंपनीने गूगलविरुद्ध भरलेल्या खटल्यात अमेरिकेतल्या न्यायालयाने ठरवलं की गूगलने दिलेली क्रमवारी हे त्याचं मत आहे आणि मताला घटनेचं संरक्षण आहे. युरोपात २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार ऑनलाइन बाजारपेठेला विक्रेत्याचं खातं बंद करायचं असेल तर सामान्यतः ३० दिवस आधी कारणांसह कळवावं लागतं. सर्च इंजिनला ही अट नाही, त्याच्यावरचं मुख्य बंधन क्रमवारीचे मुख्य निकष सांगण्याचं. सर्च इंजिनचा साइटशी करार नसतो, असं म्हटलं जातं. खरं आहे. पण ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने सर्चमधली गूगलची मक्तेदारी बेकायदेशीर ठरवली, आणि तिथला त्याचा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास आहे. वाचक येण्याचा रस्ता जवळपास एकच असेल तर करार नसल्याचं कारण मला पुरेसं वाटत नाही.

क्रमवारीतल्या रोजच्या वरखाली होण्याची नोटीस मी मागत नाही. एक वर गेला की दुसरा खाली येणारच. पण साइटवर ‘ही नियम मोडते’ असा शिक्का बसत असेल, मग तो माणसाने मारलेला असो की यंत्राने, तर कोणता नियम, कोणती दोन-चार पानं आणि किती दिवसांत सुधारायचं, एवढं आधी कळलं पाहिजे. कळवायचं कुठे, हा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. सर्च इंजिनचा बॉट, म्हणजे साइट आपोआप वाचत फिरणारा प्रोग्राम, कुठे जायचं नि कुठे नाही हे सांगणारी साइटची robots.txt फाइल वाचतोच. सुरक्षेतल्या त्रुटी कळवण्यासाठी संपर्काचा पत्ता ठेवायची security.txt ही पद्धतही २०२२ मध्ये अधिकृतपणे प्रसिद्ध झाली आहे. तशाच एका फाइलमध्ये मालकाने आपला ईमेल लिहून ठेवायचा आणि बॉटने तो वाचायचा. सर्च कन्सोलचं नावही न ऐकलेल्या माणसापर्यंत मग नोटीस पोहोचेल.