मोट, पायली आणि गोठ्यातला पेला

दिल्याच्या गावचं घर उतरवायला काढलंय. कागलाकडचं गाव, मातीच्या भिंती, वर खापऱ्या, मागं परडं आणि गोठा. भावाभावांत वाटण्या झाल्या, आता तिथं आरसीसी होणार. घरातल्या सामानाचं काय करायचं, यावरून परवा कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जे पेटलं, ते धारा काढून म्हशी घरी गेल्या तरी विझेना. लिहून ठेवावंसं वाटलं, कारण प्रश्न एकट्या दिल्याचा नाही. करवीर, कागल, शिरोळ, कुठंही जा, दर उन्हाळ्यात अशी घरं पडतायत आणि त्यांच्या पोटातलं सामान एकतर भंगारात जातंय नाहीतर हॉटेलांच्या भिंतीवर.

दिल्यानं मोबाइलवर फोटो काढून आणले होते. जातं, उखळ, मुसळ, धान्य मोजायची लाकडी पायली आणि मापटं, पितळी समई, बैलांच्या घुंगूरमाळा, पेरणीच्या कुरीचं चाडं, विहिरीतनं बैलांनी पाणी ओढायच्या मोटेचं चाक, आणि माळ्यावर गुंडाळून ठेवलेली, कडक होऊन चिरा पडलेली चामड्याची मोट. देवघरातले टाक, म्हणजे देवांच्या प्रतिमा ठोकलेले पत्रे. आणि गोठ्याच्या मागं, पावसाच्या पाण्यात अर्धा रुतलेला एक वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, ज्यावर दिल्याच्या घरच्या बायका दोन पिढ्या धुणं धूत आल्यात.

“सच्या सगळं एकरकमी घेतो म्हणतोय,” दिल्या म्हणाला. सच्या इंटिरिअरची कामं करतो. पन्हाळा रोडला कुणाचं तरी रिसॉर्ट चाललंय, त्यांना गावरान लूक पाहिजे.

“वीरगळ पण?” मास्तरांनी विचारलं.

“व्हय. कारंज्याच्या कडेला उभा करणार.”

मास्तर निवृत्त झाले तरी इतिहास शिकवायचं काही सोडत नाहीत. ते एकदम सरळ बसले. “सच्या, शंभर वर्षांवरच्या दगडी मूर्तीला 1972 चा कायदा लागतो. नोंदणी लागते, धंदा करायचा तर परवाना लागतो. उद्या कुणी तक्रार केली तर दिल्या आणि तू, दोघंही आत.”

“मग वीरगळ सोडा की मास्तर,” सच्या म्हणाला. “बाकीचं तर पडून कुजणारच हाय. वाळवी खाण्यापेक्षा चार लोकांच्या नजरेला पडंल. त्यात काय वाईट?”

सच्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. भंगारवाला किलोवर नेतो. पायली फोडून बंबात घातलेली मी स्वतः बघितलीय. पण जातं उलटं टाकून त्यावर काच ठेवून कॉफीचं टेबल केलं, की ते वाचलं असं मला म्हणवत नाही.

शुभाचं मत वेगळं. ती शिल्पकार आहे, फायबरचे आणि सिमेंटचे पुतळे करते. “कणेरीला जा एकदा परत,” ती म्हणाली. “सिद्धगिरीच्या म्युझियममध्ये पोरं कशापुढं थांबतात बघ. बारा बलुतेदार कामाला लागलेत, बायका दळतायत, बैल राबतायत, तिथं थांबतात. नुसतं जातं कपाटात ठेवलं तर आजच्या पोराला ते दोन दगड. पुढ्यात दोन बाया समोरासमोर बसवल्या, एकीचा पाय लांब, दुसरीचा दुमडलेला, एकाच खुंट्यावर दोघींचे हात, मग त्याला कळतं की हे मशीन होतं आणि त्याची मोटर म्हणजे आपली पणजी.”

“पुतळे करणारे बघून करत न्हाईत,” सुतार म्हणाला. त्याचं आडनाव आणि धंदा एकच, उद्यमनगरात फर्निचरचं वर्कशॉप आहे. “एका प्रदर्शनात सुताराचा पुतळा बघितला. हातात लाकूड तासायचा वाकस असा धरलाय, की पहिल्याच घावाला नडगी फुटंल. माझ्या आज्याचा वाकस माझ्याकडं हाय. दांड्यावर अंगठ्याच्या जागी खळगा पडलाय. त्यात अंगठा ठेवला की बाकीची चार बोटं आपोआप बसतात, मनगट कुठं वळवायचं ते दांडा सांगतोय. त्याच्यापुढं पुतळा कशाला पाहिजे?”

शुभा गप्प बसणाऱ्यातली नाही. “तुझ्याकडं वाकस हाय आणि तुला सुतारकाम येतंय, म्हणून दांडा तुला सांगतोय. मला नाही सांगणार. मी वासुदेव केला तेव्हा खऱ्या वासुदेवाला आठवडाभर समोर बसवलं. मोरपिसांची टोपी मागं किती कलते, टाळ कुठल्या हातात, चिपळ्या कुठल्या हातात, पावा कमरेला कुठं खोचतात, सगळं त्यानं दुरुस्त करून घेतलं. चुकीचा पुतळा वाईट. पुतळा वाईट नाही.”

मला हे पटलं. शिवाय कोल्हापुरात सुतार आणि शिल्पकार यांची भांडणं लावायची म्हणजे कठीणच. सिनेमावाले बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, घरात लाकूडकाम. कॅमेरा हातांनी घडवला, पडदे रंगवले, पुतळे ओतले, ते त्याच हातांनी. करणाऱ्याला विचारून, त्याच्या हाताखाली बसून पुतळा झाला तर तो खऱ्या वस्तूच्या शेजारी उभा राहू शकतो.

मास्तरांनी केळकरांचा विषय काढला. पुण्याचे दिनकर केळकर 1920 च्या सुमारास वस्तू गोळा करायला लागले. लोकांनी अडगळीत टाकलेले अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, स्वयंपाकघरातली भांडी. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि पुढं 20 हजारांच्या घरातला तो सगळा पसारा सरकारच्या स्वाधीन केला. “त्या काळात लोक तलवारी आणि नाणी गोळा करत होते. हा माणूस अडकित्ते मागत दारोदार फिरला. आपल्या टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीतलं सामान आहे. सगळे पोसायडनची, ग्रीक समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती बघायला जातात, रोमन जगातून इथवर आली म्हणून. जावंच. पण त्याच टेकडीत मातीची भांडी, मणीपण निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठावर कुणीतरी त्यातच शिजवून खाल्लंय. दिल्याची पायली त्याच रांगेतली.”

“म्हणून म्हणतोय, म्युझियमला देऊन टाक,” सुतार म्हणाला.

“देतो की. चिठ्ठीवर काय लिहितील? ‘पायली. लाकडी. धान्य मोजण्याचे माप.’ झालं.” दिल्या वैतागला होता. “आत्तीला विचारा त्या पायलीचं काय काय ते. तासभर बोलंल.”

दिल्याची आत्ती ऐंशीच्या पुढची, अजून खणखणीत. तिच्या दळणाच्या ओव्या मी ऐकल्यात. भावाची बैलजोडी बेंदराला कशी सजली, माहेरची वाट कशी लांबली, जोतिबाच्या डोंगरावर गुलाल कसा उधळला. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या 1 लाखाच्या वर ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव घालून. ते काम मला कुठल्याही काचेच्या कपाटापेक्षा मोठं वाटतं. जात्याचा दगड हजारो घरांत सारखाच, पण त्यावर कोण काय गायली हे तिच्याबरोबरच जातं. आत्ती आहे तोवर जातं कुठंही द्यायच्या आधी तिला रेकॉर्ड करायला पाहिजे, असं मी म्हटलं आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

वाद पुढं झाला. सदा तोवर नुसता ऐकत होता. चप्पल लाइनला त्याचं दुकान आहे, आजाही त्याच कामातला. त्यानं दिल्याचा मोबाइल घेऊन मोटेचा फोटो मोठा केला.

“ही शिवण बघ,” तो मला म्हणाला. “दोरा न्हाई हा. चामड्याचीच वादी. टोचा मारून वादी आतनं भायेर, भायेरनं आत. पाण्यात भिजली की फुगती आणि भोक आपसूक बुजतंय. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवलेलं. माझ्या आज्यानं असल्या मोटा गावगन्ना शिवल्या.” मग दिल्याकडं बघून म्हणाला, “तुमच्या गावची पण त्यानंच शिवली असंल.”

“असंल की.”

“मग चिठ्ठीवर ते लिवणार का? मोटेचं पाणी सगळ्या गावाला चालायचं. मोट शिवणाऱ्याचा घडा हिरीवर चालायचा न्हाई.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मास्तर म्हणाले, “हेच म्हणायचं होतं मला. बलुतेदारीचं चित्र काढलं की सगळे हसतमुख, जो तो आपापल्या कामात रमलेला. शाहू महाराजांना ती व्यवस्था एवढी गोड वाटली असती, तर 1918 साली महार वतनं आणि बलुतेदारी मोडली कशाला असती? 1919 ला सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखान्यांतला भेद बंद करायचे हुकूम काढावे लागले, ते याच कोल्हापुरात.”

सुतारालाही तोंड फुटलं. त्याच्या आज्यानं गावाचे नांगर, कुळव वर्षभर फुकट नीट करून द्यायचे आणि सुगीला खळ्यावर बलुतं घ्यायचं. “आजा सांगायचा, मालकाच्या घरात माल येताना पायलीवर शीग असायची, आमच्या पोत्यात पडताना हात फिरवून सपाट. चार शेरांची पायली, पण शिगेत मूठभर तरी जायचंच. पायली कपाटात ठेवा, पण एक शीग लावून आणि एक सपाट, अशा दोन ठेवा. पोरांना गणित कळंल.”

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वस्तू जपायची म्हणजे ती कुणाच्या हातानं झाली, कुणी वापरली आणि कुणाला तिला हात लावायला बंदी होती, हे सगळं तिच्याबरोबर जपायचं. हे काढून घेतलं तर म्युझियम आणि सच्याचं रिसॉर्ट यांत फरक फक्त तिकिटाचा उरतो. 2025 ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या तेव्हा अख्खं कोल्हापूर उसळलं, 2019 चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन प्रत्येकाच्या तोंडात होतं. बरोबरच होतं ते. पण सदाच्या आज्याची रापी आणि आरी जपून ठेवायला द्या, असं म्हणत त्याच्या दुकानात कोण आलं? एकही नाही, सदा सांगतो.

मग दिल्यानं एक फोटो दाखवला, जो त्यानं आधी पुढं सरकवून टाकला होता. गोठ्याच्या भिंतीत कोनाडा, कोनाड्यात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पेला आणि एक कानतुटका कप. कामावर येणाऱ्या काही गड्यांसाठी ठेवलेला. चहा वरून ओतायचा, पिणाऱ्यानं विसळून परत तिथंच ठेवायचा. “बाबांच्या काळापर्यंत होतं,” तो म्हणाला. “आत्ता टाकून देणार हाय. लाज वाटती.”

“टाकू नगंस,” सदा म्हणाला. “म्युझियमला पयल्यांदा तोच दे.”

“अरे, घराण्याचं नाव जाईल.”

याच कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळ्यांनी हॉटेल काढलं होतं, आणि शाहू महाराज मुद्दाम तिथं चहा घ्यायला जायचे, बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. त्याआधी हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याच गंगारामांना मार खावा लागला होता. त्या हॉटेलातला एक कप आज आपल्याकडं असता, तर मी तो पोसायडनच्या शेजारी ठेवला असता. आणि दुसऱ्या बाजूला दिल्याच्या गोठ्यातला पेला. दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय त्या चहाची किंमत कळणार नाही.

शुभा म्हणाली, इथं ती पुतळा करणार नाही. नुसता कोनाडा, तेवढ्याच उंचीवर, मातीच्या लिंपणासकट उचलून न्यायचा. पुतळ्यांची बाजू लढवणाऱ्या बाईनं हे म्हणावं, याचा मला आनंद झाला.

बाकीचं पटापट ठरलं. टाक दिल्याकडंच राहणार, ते पुजेतले आहेत, त्यावर कुणाचा हक्क नाही. वीरगळ गावातच, पण धुण्याचा दगड म्हणून नाही. मास्तरांनी फोटो बघून सांगितलं, खाली गाई दिसतायत, म्हणजे गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेला गडी. वर अप्सरा त्याला नेतायत. त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्याला सूर्यचंद्र, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती. गावात अजून आत्तीसारख्या बायका सांगतात की गुरं सोडवून आणणारा कुणी एक आपल्या शिवारात पडला. गोष्ट गावात आहे, तर दगडही गावात उभा राहू दे, नोंद करून, देवळासमोर. सच्याला फक्त घुंगूरमाळा आणि दारांच्या चौकटी मिळाल्या, आणि त्यानंही फार ओढून धरलं नाही. उलट टेम्पो मी देतो म्हणाला.

रविवारी आम्ही जाणार आहोत. आत्तीचं रेकॉर्डिंग, आणि सदा त्याच्या चुलत्याला आणणार आहे, ज्यांनी शेवटची मोट स्वतः शिवलीय.

अडलंय ते एकाच गोष्टीवर. पेल्याच्या चिठ्ठीवर घराचं नाव घालायचं की नाही. दिल्या म्हणतो, ‘कागल तालुक्यातील एक घर’ एवढंच घाला. सदा म्हणतो, पायलीखाली नाव चालतंय, समईखाली देणगीदार म्हणून चालतंय, मग पेल्याखाली का चालत न्हाई? मास्तर म्हणतात, दिल्याच्या मनाविरुद्ध घालू नका, पण त्याचं मन वळवा. माझं मत सदाच्या बाजूला आहे. दिल्यानं नाव घातलं तर जिल्ह्यातली आणखी दहा घरं आपापल्या कोनाड्यातला पेला बाहेर काढतील, अशी माझी खात्री आहे, आणि रविवारी वाटेत मी त्याला हेच सांगणार आहे.