‘पोटात पाणी घेणारं जहाज’ : त्या फॉरवर्डची झाडाझडती

भुसावळ-जळगावकडच्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा : ‘आईबापांनो, नेव्हीत पोरगं पाठवण्याआधी हे वाचा’. सोबत एक व्हिडिओ आणि शेवटी हात जोडलेल्या इमोजींची रांग. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : किनाऱ्यावर फौज उतरवणारी जी अजस्र जहाजं असतात ती मुद्दाम अर्धी बुडवतात, खालच्या कोठारात पोरांना कोंडून मागचं दार उघडतात. हे धोक्याचं म्हणून अमेरिकेने स्वतः ती पद्धत बंद केली. जहाज थेट वाळूवर चढतं, त्यावरून चाळीस जेट विमानं सरळ वर उडतात. तरीही २०२० मध्ये शत्रूने क्षेपणास्त्र मारून त्यातलं एक जाळलं आणि बातमी दाबली गेली. असलंच एक भंगार त्यांनी आपल्या गळ्यात मारलं, आणि आता आपण आणखी चार घेतलीत. म्हणून भरतीचा फॉर्म भरू नका.

माझ्याकडे हा मेसेज मावशीकडून आला. तिचा धाकटा चिल्काला नेव्हीच्या ट्रेनिंगला आहे. ‘हाई खरं शे का रे भाऊ?’ एवढं विचारून ती थांबली असती तर मीही दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण विचारायच्या आधीच तिने पोराला ‘सामान बांध नि घरी ये’ असं सांगून टाकलं होतं. म्हणून हे लांबण लावतोय.

आधी ते पाणी, कारण मावशीची झोप त्यानेच उडवली. या जहाजांच्या मागच्या भागात, समुद्राच्या पातळीजवळ, एक लांबलचक पोकळी असते. तिला वेल डेक म्हणतात. अमेरिकेच्या वास्प वर्गातल्या जहाजांत ती २६७ फूट लांब आणि ५० फूट रुंद आहे. रणगाडे, ट्रक, सैनिक किनाऱ्यावर नेणाऱ्या बोटी तिथे उभ्या असतात. साध्या बोटीला बाहेर पडायला तरंगावं लागतं, तरंगायला पाणी लागतं. म्हणून जहाजाच्या टाक्यांमध्ये समुद्राचं पाणी भरतात. वास्पमध्ये ते सुमारे १५ हजार टनांपर्यंत जातं. मागे ओझं जास्त झालं की बैलगाडी उलाळ होते, तसं जहाजाचं मागचं अंग खाली बसतं. फक्त इथे ते मोजून-मापून करतात. दार उघडलं की पाणी आत शिरतं, बोट तरंगत निघून जाते, मग टाक्यांतलं पाणी दाबाच्या हवेने बाहेर लोटलं की जहाज पुन्हा सरळ.

१५ हजार टन ऐकून पोटात गोळा येईल, पण जहाज स्वतः ४१ हजार टनांचं आहे. आणि ते १५ हजार टन टाक्यांतच असतं, दारातून आत आलेलं पाणी त्या पोकळीतच राहतं. सैनिकांच्या झोपायच्या जागा, गाड्यांची कोठारं, इंजिन खोली हे सगळं वेगळं असतं. दार उघडून पोरांना पाण्यात सोडायला ते हातनूर धरणाचं गेट नाही.

आता ‘अमेरिकेने घाबरून बंद केलं’. यात अर्ध सत्य आहे, म्हणूनच ते जास्त चीड आणतं. २०१४ मध्ये दाखल झालेलं ‘अमेरिका’ आणि २०२० मधलं ‘ट्रिपोली’ या दोन जहाजांना वेल डेक खरंच नाही. कारण बुडण्याची भीती नव्हे. ती जागा विमानांच्या हँगरला, त्यांच्या दुरुस्तीला आणि जास्त इंधनाला हवी होती. नंतर त्यांच्याच मरीन फौजेला कळलं की अवजड सामान हेलिकॉप्टरला टांगून किती नेणार! म्हणून याच वर्गातल्या तिसऱ्या जहाजापासून, ‘बोगनव्हिल’पासून, वेल डेक परत आणलं. बंद केलेली धोक्याची गोष्ट अब्जावधी डॉलर ओतून कोणी परत बसवतं का? मेसेज लिहिणाऱ्याने निम्मी गोष्ट वाचली, किंवा पूर्ण वाचून निम्मी सांगितली. मला दुसरंच खरं वाटतं.

व्हिडिओत वाळूवर चढताना दिसतं ते जहाज नाहीच. ते एलकॅक आहे, हवेच्या गादीवर चालणारं यान. वेल डेकमधून निघतं, ४० नॉटच्या (ताशी साधारण ७४ किलोमीटरच्या) वर वेगाने साठेक टन वजन घेऊन थेट किनाऱ्यावर जातं. रुंदी ४७ फूट, म्हणजे ५० फुटांच्या त्या पोकळीत शिरताना दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड फूट उरतं. लांबी ८८ फूट, अशी तीन एकामागे एक लावली की २६७ फुटांत तीन फूट शिल्लक. जहाज चालतं असताना, लाटांवर हे करायचं असतं. शेअर करायचंच तर हे कौतुक करा. खुद्द मोठ्या जहाजाला तरंगायला २७-२८ फूट खोल पाणी लागतं, ते वाळूवर काय चढणार! आपली ‘ऐरावत’सारखी लहान जहाजं मात्र खरोखर नाक वाळूला टेकवून पुढचं दार उघडतात. तेवढं मेसेजवाल्याला माफ.

चाळीस जेटही नाहीत. एफ-३५बी विमानं जास्तीत जास्त वीसेक. तीही शस्त्रं-इंधन भरून उडताना डेकवर धाव घेतात, उतरताना मात्र सरळ खाली येतात.

आता ते ‘क्षेपणास्त्राने जळालेलं’ जहाज. नाव बॉनहोम रिचर्ड, वास्प वर्गातलंच. १२ जुलै २०२० ला आग लागली आणि चार दिवसांहून जास्त जळत राहिली. पण कुठे? भर समुद्रात नाही, अमेरिकेच्याच सॅन डिएगो बंदरात, धक्क्याला बांधलेलं असताना, दुरुस्ती चालू असताना. बातमी दाबली म्हणे! जगभरच्या टीव्हीने तो धूर दाखवला, आणि अमेरिकन नौदलाने २०२१ मध्ये स्वतःचा चौकशी अहवाल जाहीर केला. तो वाचा. शत्रूने लिहिला असता तरी इतका बोचरा झाला नसता.

आग गाड्या ठेवायच्या खालच्या कोठारात सुरू झाली. तिथे कामाचं सामान रचून ठेवलं होतं. आग विझवायच्या केंद्रांपैकी ८७ टक्के वापरण्याजोगी नव्हती. दुरुस्तीच्या केबल आणि पाइप दारांमधून गेलेले, त्यामुळे दारं लावून धूर अडवता येईना. फेस सोडणारी यंत्रणा होती, पण तिचं बटण कोणी दाबलंच नाही. काही अंशी देखभाल नव्हती म्हणून, काही अंशी ते वापरायची माहिती नव्हती म्हणून. आग लावल्याचा आरोप एका खलाशावर झाला, २०२२ मध्ये तो निर्दोष सुटला. कोणी दगावलं नाही, जहाज मात्र भंगारात गेलं. इथले निम्मे लोक रेल्वेच्या शेडमध्ये आयुष्य काढलेले. ‘काम चालू आहे, नंतर बघू’ने काय होतं हे त्यांना मी सांगायला नको. क्षेपणास्त्राची गोष्ट ऐकायला झकास वाटते, पण या जहाजाला उघडी राहिलेली दारं आणि न दाबलेलं बटण पुरलं.

राहिलं ते ‘गळ्यात मारलेलं भंगार’, म्हणजे आपलं ‘जलाश्व’. इथे नाइलाजाने मान हलवावी लागते. ते जुनंच आहे : १९७१ मधलं अमेरिकेचं ‘ट्रेंटन’, २००७ मध्ये आपल्या नौदलात आलं. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यावर विषारी वायूने सहा जण गेले, हेही खरं. कॅगने त्याच वर्षी ताशेरे ओढले की जहाजाची अवस्था नीट तपासली नाही आणि वापरावर अमेरिकेच्या अटी मान्य केल्या. हे विचारा, जरूर विचारा. पण मे २०२० मध्ये, सगळं बंद असताना, मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं तेही याच ‘भंगारा’ने. ते त्या मेसेजमध्ये बसलं नाही.

आणि ‘आणखी चार घेतली’ ही तर शुद्ध लोणकढी. अशी चार जहाजं आपल्याच देशात बांधायचा विचार दहा वर्षांहून जुना आहे. एकदा निविदा निघाली, २०२० मध्ये गुंडाळली, २०२१ मध्ये पुन्हा माहिती मागवली, ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने गरज मान्य केली. ही पहिली पायरी. त्यापुढे निविदा, किमतीची घासाघीस, करार, आणि मग कुठे यार्डात पोलाद कापायला सुरुवात.